परतला, ठेवला

सायजू आमच्या उंदीरखान्यात कामाला लागली, त्या पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, "हे बघा बाई, इथे उंदरांना नावं ठेवायची नाहीत."

"मी कशाला नावं ठेवू त्यांना?" ती म्हणाली. "माणसांपेक्षा बरे दिसतात."

मला म्हणायचं होतं की प्रत्येकाला लाडाचं नाव देत बसू नका, नंतर जीव तुटतो. पण तिचं उत्तर ऐकून मला हसू आलं आणि मी पुढचं भाषण गिळलं. त्यानंतरही माझ्या या तोंडाने बरंच काही गिळलं. म्हणून तर हे सांगायला बसलोय.

मी फांग. डिंगहायच्या एका संशोधन संस्थेत तेवीस वर्षं उंदीर सांभाळले. सायजू बाहेरच्या बेटाची, गोउचीची. तिथे समुद्रात दोर सोडून त्यांवर शिणाणे वाढवतात, काळ्या कवचाचे शिंपले, हाताच्या बोटाएवढे. सगळं बेट त्यावर जगतं. तिचा नवरा गेनफू दोर ओढायच्या बोटीवर होता. सलग दोन दिवस दोर ओढून हात लाकडासारखे झाले असताना तो पाण्यात पडला. बोट वळवून तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तिथे पोचला तेव्हा पाणी अजून हलत होतं. तांडेलाने घरी येऊन तिच्यासमोर कपाळ बडवून घेतलं आणि म्हणाला, "चार मिनिटं, वहिनी. अजून चार मिनिटं त्याने तग धरला असता ना, तर मी केस धरून वर काढला असता."

तांडेलाच्या जिभेला हाड नव्हतं. बिचारा रडत होता, बोलून गेला. पण ती चार मिनिटं सायजूच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. गेनफूचं शरीर मिळालं नाही. तिने एकुलत्या एका मुलाला, आशुनला, बापाच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की दोराच्या बोटीवर पाय ठेवणार नाही. त्याला घेऊन ती डिंगहायला आली. तो घरोघरी एसी दुरुस्त करायला लागला आणि ती आमच्याकडे पिंजरे धुवायला.

"माझा नवरा पोहायला पट्टीचा," ती मला एकदा पिंजऱ्यांत भुसा टाकता टाकता म्हणाली. "त्याला पाण्याने नाही मारलं फांगभाऊ, थकव्याने मारलं."

आता योगायोग म्हणा, पण आमचे जियांग सर नेमकं त्याच थकव्याच्या मागे लागले होते. शिणाण्यांचं मांस पाचक रसात मुरवायचं, म्हणजे त्यातल्या प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे पडतात. ते गाळून वाळवलं की फिकट पिवळी भुकटी उरते, ओहोटीच्या चिखलासारखा वास मारणारी. सर सांगायचे की माणूस राबतो तेव्हा अंगात आतून गंज चढत जातो, आणि हे तुकडे तो गंज अडवतात. खरं खोटं बघायची रीत मात्र साधी होती आणि क्रूर होती. काही उंदरांना महिनाभर भुकटी पाजायची, काहींना नुसतं पाणी. मग शेपटीला शिशाची बारीक तार बांधून एकेकाला टाकीत सोडायचं. तो पोहतो, पोहतो, दमतो, खाली जातो. दहा अंक मोजेपर्यंत वर आला नाही की काढायचा. किती मिनिटं पोहला, ते लिहायचं. जास्त पोहला तर भुकटी चांगली.

हे काम सायजूकडे आलं तेव्हा मी सरांना म्हटलं, "अहो, त्या बाईचा नवरा पाण्यात गेलाय. तिला कुठे हे देता?" तर ती मागेच उभी होती. म्हणाली, "मीच करीन. दुसऱ्या कोणाला नीट काढता येणार नाही."

आणि खरंच तिच्यासारखं कोणी केलं नसतं. ती टाकीशी एकटी उभी असायची. दहा मोजून झाले की अलगद जाळीने उंदीर उचलायचा, निळ्या काठाच्या टॉवेलात गुंडाळायचा आणि पुसत बसायचं. कान, पोट, पायांची बोटं. थरथर थांबेपर्यंत ती त्याला सोडायची नाही. मग कोरड्या पिंजऱ्यात ठेवायची. मी पलीकडच्या खोलीत घड्याळ आणि वही घेऊन बसायचो. मधल्या भिंतीत एक झडप होती, तिच्यातून आवाज यायचा, दिसायचं काही नाही. ती दोनदा ओरडायची. उंदीर खाली गेला की "परतला!" आणि पिंजऱ्यात टाकला की "ठेवला!" मी "परतला" ऐकलं की घड्याळ थांबवायचो. "ठेवला" ऐकलं की पुढच्याची तयारी.

"परतला" का, ते मला विचारायची गरज नव्हती. मीही बेटावरचाच. आमच्यात "बुडाला" म्हणत नाहीत, "उलटला" म्हणत नाहीत. ताटातला मासासुद्धा आम्ही उलटवत नाही, काटा उचलून खालची बाजू खातो. पाण्यात गेलेल्याला "परतला" म्हणायचं. आमची लहान पोरंही असंच बोलतात, आणि त्यात काही सांगण्यासारखं आहे हे आमच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नाही. इथेच माझी माती झाली.

नुसत्या पाण्यावरच्या उंदरांचं सगळं झालं, त्यांची सरासरी सात मिनिटांच्या आसपास आली. भुकटीवाल्यांची पाळी यायची तेव्हा माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. माझ्या जागी वही घेऊन वेनजिंग बसली. सरांची विद्यार्थिनी, गान्सूची, जिथे बैलगाडीने महिनाभर गेलं तरी समुद्र लागत नाही. पोर हुशार, कष्टाळू, पण उंदराच्या केसांनी तिला शिंका सुटायच्या म्हणून ती टाकीच्या खोलीत पाऊलच टाकायची नाही. मी इस्पितळात जाताना तिला घड्याळ दिलं, वही दिली, पेन्सिल कुठे असते ते दाखवलं. म्हटलं, "सायजूताई सांगेल तसं लिही." झालं! एवढंच सांगून मी पोट फाडून घ्यायला निघून गेलो.

परत आलो तर संस्थेत लग्नघरासारखा आनंद. भुकटीवाल्या उंदरांची सरासरी बारा मिनिटांच्या वर गेली होती. जियांग सर सगळ्यांना तांदळाची पिवळी दारू पाजत होते. सायजूलाही सणाची भेट म्हणून त्या भुकटीचे दोन डबे मिळाले. तिने मला कोपऱ्यात ओढलं.

"फांगभाऊ, किती वाढली?"

"पाच मिनिटं. पाचाला थोडी जास्तच."

"चारापेक्षा जास्त," ती म्हणाली. तिचं तोंड इतकं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "चारापेक्षा जास्त ना?"

"उंदीर आहेत हो ते," मी म्हटलं.

"उंदीर शेपटीला शिसं बांधून पोहलेत. माझा आशुन तर मोकळा पोहेल."

मी हसण्यावारी नेलं. कशाला बोलायचं, म्हटलं. बाईच्या तोंडावर सहा वर्षांनी रंग आलाय.

आशुनला समुद्राची ओढ होती. गच्चीवर एसीच्या खोक्यात तोंड घालून बसलेला असायचा, पण मान वळलेली बंदराकडे. सोबतचे सगळे दोरांच्या बोटींवर. आईची शपथ होती म्हणून गप्प. मे महिन्यात सायजूने तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि त्याला शपथेतून मोकळं केलं. मला तिनेच सांगितलं, पिंजरे धुताना, अगदी सहज. दिवसातून दोनदा दोन दोन चमचे भुकटी घ्यायची, एवढीच अट.

"आई, शेपूट फुटेल मला," आशुन म्हणाला म्हणे.

"फुटू दे. धरून वर काढायला बरी."

जून महिन्यात वेनजिंग माझ्याकडे तिचा तक्ता घेऊन आली. प्रबंधासाठी आकडे नीट मांडत होती.

"फांगकाका, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"भुकटीवाला प्रत्येक उंदीर एकदाच परतलाय. म्हणजे खाली जाऊन पुन्हा वर आलाय. आणि त्यानंतर बरोबर चार मिनिटं पोहलाय. कोणी पावणेचार, कोणी सव्वाचार. सगळे सारखेच कसे हो?"

मी तक्त्याकडे बघितलं. पोरीने दोन वेळा लिहिल्या होत्या, "परतला" आणि "ठेवला", आणि घड्याळ थांबवलं होतं "ठेवला" ऐकून. तिला वाटलं, परतला म्हणजे वर आला. कोणालाही वाटेल! जगात सगळीकडे परतणं म्हणजे येणं. आमचीच तेवढी उलटी रीत. मधली चार मिनिटं उंदीर पाण्यात नव्हताच, तो सायजूच्या टॉवेलात होता. शिणाण्यांची ताकद, शिणाण्यांची ताकद म्हणून जे आम्ही नाचवत होतो, ती त्या बाईच्या पुसण्याची वेळ होती.

मी तिला सांगितलं. ती पांढरीफटक पडली आणि तिथेच स्टुलावर रडायला लागली. "तू रडू नकोस, चूक माझी आहे," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. तक्ता घेऊन मी सरांकडे गेलो. सरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. आकडे लपवणाऱ्यांतला माणूस नाही तो. म्हणाले, "सगळं पुन्हा करू, सगळे उंदीर एकाच वेळी. तोवर बाहेर बोलू नका."

बाहेर म्हणजे कारखानेवाल्यांत, वर्तमानपत्रांत. सायजू काही बाहेरची नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सरांच्या त्या एका वाक्यामागे मी मांजरासारखा लपलो.

आशुन बोटीवर निघायला अकरा दिवस होते. अकरा! मी रोज ठरवायचो आणि रोज ढकलायचो. दहाव्या दिवशी तिच्या घरी गेलो. आशुन जमिनीवर बसून पिशवी भरत होता, सायजू त्यात डबा कोंबत होती, तो बाहेर काढत होता, ती परत कोंबत होती.

"काका, हिला सांगा ना," आशुन म्हणाला. "बोटीवर सगळे मला उंदीर म्हणतील."

"म्हणू देत. जिवंत उंदीर म्हणतील," सायजू म्हणाली, आणि मला खारवलेला खेकडा आणि पेज वाढली. "खा भाऊ. काय हो, तोंड का उतरलंय?"

"सायजूताई, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या भुकटीचं."

"भुकटीचं मला काय सांगता," ती म्हणाली. तिने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. तो लहान असल्यासारखा वैतागला. "खरं सांगू? सहा वर्षं मला पहाटे तीनला जाग येते. पाणी हलताना दिसतं. हा आठवडाभर मी उजाडेपर्यंत झोपले. माझा माझ्यावरच विश्वास बसेना."

मी म्हटलं, "ती भुकटी कोमट पाण्यात घ्यावी. गरम नको." हे म्हणालो मी! एवढ्यासाठी अर्धं गाव चालत गेलो होतो. आशुनने मला फाटकापर्यंत सोडलं, वाकून नमस्कार केला, म्हणाला, "काका, आईकडे लक्ष असू द्या." आणि मी "हो हो, तू जा खुशाल" म्हणालो.

जुलैत आम्ही प्रयोग पुन्हा केला. वही मीच धरली. फरक पडला, अगदीच नाही असं नाही. थकव्याने रक्तात साठणारं आम्ल खरंच कमी झालं होतं, सरांचं गंजाचं म्हणणंही बरंचसं बरोबर निघालं. पण पोहण्यात मिळालं जेमतेम एक मिनिट. सायजूला मी आकडे सांगितले नाहीत, तिने विचारले नाहीत. कशाला विचारेल? तिचा हिशेब केव्हाच झाला होता. आशुनचा फोन यायचा, तो दोन माणसांचं काम करतोय, तांडेल खूश आहे, हे ती उंदरांना ऐकवत असायची.

ऑगस्टमध्ये वादळाची बातमी आली. वादळाआधी दोर रिकामे केले नाहीत तर सगळा माल तळाला जातो, म्हणून सगळ्या बोटी रात्रंदिवस ओढत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तांडेल म्हणाला, बारी बदला, झोपा. आशुन म्हणाला, "तुम्ही झोपा. माझ्याकडे आईची पावडर आहे." उकडत होतं म्हणून त्याने तरंगायचं जाकीट काढून ठेवलं होतं. दोराचा वेढा पायात आला आणि तो दोराबरोबर गेला.

फोन संस्थेतच आला. सायजूने तो उभ्यानेच ऐकला. तिने फक्त एक विचारलं, "किती वेळ?" पलीकडून तांडेल काहीतरी रडत बोलला. तिने फोन माझ्या हातात दिला. तो म्हणत होता, "घड्याळ कोण बघतं, वहिनी, घड्याळ कोण बघतं अशा वेळी?"

शरीर मिळालं नाही. आमच्याकडे अशा माणसाला भरतीच्या वेळी हाक मारून आणतात. गवताचा पुतळा करायचा, त्याला त्याचे कपडे घालायचे, पाण्याच्या काठाला उभा करायचा. घरच्यांनी नावाने बोलवायचं, आणि नात्यातल्या एखाद्या पुरुषाने त्याच्या वतीने उत्तर द्यायचं, "आलो!" मग तो घरी आला असं धरून त्याला शवपेटीत ठेवायचं.

गोउचीला जाणाऱ्या बोटीत सायजू माझ्याशेजारी बसली होती. मांडीवर त्याचे कपडे. तिथे मी तिला सगळं सांगितलं. आता सांगून कोणाचं भलं होणार होतं? कोणाचंच नाही. मला ते पोटात ठेवून तिच्या पोराच्या पुतळ्यापुढे उभं राहवेना, एवढंच. मरायला हवं होतं मी.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे भुकटीचं किती?"

"एक मिनिट. जेमतेम."

"आणि बाकीची?"

"बाकीची तुमच्या टॉवेलची."

तिने आपले हात उलटेसुलटे करून बघितले. भुसा आणि साबणाने सालपटं निघालेले हात.

"तो जायच्या आधी कळलं होतं तुम्हाला?"

"हो. अकरा दिवस आधी."

मला वाटलं ती किंचाळेल, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझा भाऊ नाही, दीर नाही. संध्याकाळी उत्तर द्यायला कोणी नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही द्या. उत्तर तुम्हीच द्यायचंय."

संध्याकाळी भरती चढली. धक्क्याखालच्या वाळूत आशुनचा सदरा घातलेला पुतळा उभा होता, पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत येत होतं. मी त्याच्या मागे उभा. सायजू वर उदबत्त्या घेऊन.

"आशुन रे! पाणी गार आहे, घरी ये!"

"आलो!" मी ओरडलो.

"आशुन, आई उभी आहे, घरी ये!"

"आलो! आलो!" माझा आवाज फाटला. आलो म्हणणाऱ्याने अकरा दिवस तोंड उघडलं नव्हतं, हे त्या काठावर आम्हा दोघांनाच माहीत होतं.

पुतळा वर आणला. विधी सांगणाऱ्या म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे विचारलं, "परतला का?"

"परतला," सायजू म्हणाली.

आता उचलून पेटीत घालायचा असतो. पण ती खाली बसली, पिशवीतून निळ्या काठाचा टॉवेल काढला आणि पुतळ्याला मांडीवर घेऊन पुसायला लागली. गवताचे कान, पोट, पाय. बायका रडायच्या थांबल्या. म्हातारा काही बोलायला गेला, मी त्याचा हात धरला. ती पुसत होती, एकेक काडी कोरडी होईपर्यंत. मग तिने त्याला पेटीत निजवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मान वर केली आणि पलीकडच्या खोलीत ऐकू जावं एवढ्या मोठ्याने ओरडली, "ठेवला!"

सवयीने माझी नजर मनगटाकडे गेली. चार मिनिटं झाली होती.